पायाकडची खिडकी

माणूस गेल्यावर त्याची कंडरा किती ताण सोसते हे मोजणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलंच, तर मी "इंजिनिअर आहे" एवढंच सांगते आणि जिलेबीकडे वळते. खरं सांगितलं की समोरच्याचा घास हातातच राहतो, असा अनुभव आहे.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरलं तर जी ताठ पट्टी लागते, ती शरीरातली सगळ्यात जाड. कुणाच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तर त्या जागी अशी एखादी दान मिळालेली कंडरा बसवता येते. खरी अडचण असते ती टिकवण्याची. फॉर्मालिनमध्ये ठेवली तर ती कडक होते. यंत्रावर मजबूत दिसते, पण शरीरात कुचकामी. जंतू मारायला किरणांचा मारा केला तर आतले धागे तुटतात. गोठवली तर चांगली राहते, पण ती झटकन आणि एकदाच गोठवायला हवी. शिवाय आपल्याकडे तालुक्याच्या गावी चोवीस तास फ्रीजर चालेल याची हमी कोण देणार?

आमच्या नाशिकच्या ऊतिपेढीनं, म्हणजे टिशू बँकेनं, यावर साखरेचा तोडगा काढला. एका खास साखरेच्या दाट पाकात कंडरा मुरवायची आणि मग सावकाश वाळवायची. आतल्या पाण्याची जागा साखर घेते आणि सगळं काचेसारखं घट्ट होऊन बसतं. पाणीच नाही म्हटल्यावर बर्फ कुठून होणार? मोरावळ्यासारखी बरणी फळीवर ठेवा, वर्षानं उघडा, कोमट खाऱ्या पाण्यात भिजवा, कंडरा ताजीच्या तोडीस तोड. जंतू पाकातच मरत असल्यामुळे काढायची घाईही उरली नाही. देह थंड ठेवलेला असला की दोन दिवसांनी काढली तरी चालायची. आम्ही गावोगाव जाऊन सांगत होतो, "तुमचं सगळं रीतीप्रमाणे होऊ द्या. लांबची माणसं येऊ द्या. मग आम्हाला बोलवा." या एका वाक्यानं दान कितीतरी पटींनी वाढलं. ते वाक्य मीच सुचवलं होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

माझे वडील, नाना, सिन्नरच्या शाळेत खो-खो शिकवायचे. निवृत्त झाले तरी त्यांची शिट्टी काही निवृत्त झाली नाही. सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून पोरी शोधून आणायचे, घरी जेवू घालायचे आणि मैदानावर शिव्या घालायचे. त्यातली शेवटची यमुना गावित. खांब मारून वळताना तिचा गुडघा फिरला, लिगामेंट तुटलं, तेव्हा नानांचं हृदय आधीच थकलेलं होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हेमे, माझा दोर त्या पोरीला. दुसऱ्या कुणाला दिलास तर वरून येऊन कान धरीन." ओळखीच्या माणसाच्या नावानं दान करायची सोय होती. त्या मे महिन्यात नाना गेले आणि जुलैत त्यांच्या टाचेची कंडरा यमुनाच्या गुडघ्यात बसली. पुढच्या उन्हाळ्यात ती पळायला लागली. आई दर गुरुवारी तिच्या वसतिगृहावर लाडूंचा डबा घेऊन जायची आणि मैदानाच्या कडेला बसून म्हणायची, "बघ, तुझे नाना पळतायत." आता यमुनाची देशाच्या संघासाठी निवड चाचणी होती, येत्या रविवारी.

सगळं असं छान चाललेलं असताना सासूबाईंनी खुसपट काढलं.

सासूबाई म्हणजे आमचं नवं यंत्र. जुनं यंत्र कंडरेला एकदाच जोरात ओढायचं आणि ती कधी तुटते ते सांगायचं. नवं यंत्र तिला तुटू देत नाही. अंगाइतक्या उबदार खाऱ्या पाण्यात ठेवून, माणूस चालतो-पळतो त्या बेताचे झटके देत राहतं. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. हे नाव कुणी ठेवलं ते विचारू नका, पण प्रयोगशाळेतल्या सगळ्या सुनांनी ते एकमतानं मंजूर केलं. या सासूबाईंच्या हाताखाली काही कंडरा लांबायला लागल्या. तुटत नव्हत्या, फक्त केसाकेसानं लांबत होत्या. विहिरीच्या दोराचा पीळ सुटला तर एका घागरीला तो दगा देत नाही, पण वर्षभर पाणी शेंदा, वीतभर लांब होतो. तसंच. आणि गुडघ्यातला दोर लांबला की गुडघा सैल होतो, हाड हाडावर सरकतं आणि मधली गादी फाटते.

वय पाहिलं, आजार पाहिले, पाकाच्या खेपा पाहिल्या. काही जुळेना. जुळत होतं ते एवढंच, की लांबणाऱ्या सगळ्या कंडरा टाचेच्या होत्या. त्याच माणसांच्या मांडीच्या कंडरा ठणठणीत. सूक्ष्मदर्शकाखाली टाचेच्या कंडरांत धाग्यांच्या जुड्यांमध्ये बारीक बारीक फटी दिसत होत्या. अशा फटी मी पूर्वी पाहिल्या होत्या. कंडरा हळूहळू गोठली की आत बर्फाच्या सुया वाढतात आणि धाग्यांना बाजूला सारतात. वितळली, पुन्हा गोठली, की फट आणखी रुंद. एकदाच ओढलं तर धागे शाबूत असल्यामुळे ताण सोसतात. रोज ओढलं तर एकमेकांवरून घसरतात. आणि अशा कंडरेला पाकात घातलं तर फटींत साखर बसते आणि त्या कायमच्या होतात. पण आम्ही तर काही गोठवतच नव्हतो. मग ही गोठली कुठे, आणि तीही पुन्हा पुन्हा?

शेवटी मी म्हटलं, कंडरा येतात कुठून ते तरी एकदा डोळ्यांनी बघू. आमच्या पथकाबरोबर निफाडला गेले. एका घरची मोठी आजी गेली होती. मुलगी बंगळुरूहून यायची होती म्हणून देह आदल्या दिवसापासून शीतपेटीत. उन्हाळे असे वाढल्यापासून पेटीवाले काटा शून्याच्या खालीच ठेवतात. देह खराब झाला तर लोक पेटीवाल्यालाच धरतात ना. आणि या नव्या पेट्यांना पायाच्या बाजूला एक छोटं झाकण असतं. सबंध काच उघडावी लागू नये, पण येणाऱ्याला पाया पडता यावं म्हणून. पेटीवाले तिला कौतुकानं चरणखिडकी म्हणतात.

मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. एक सून आली, खिडकी उघडली, कोमट पाण्यानं पाय धुतले, हळदकुंकू लावलं, खिडकी लावली. जरा वेळानं पुतणे आले. खिडकी उघडली, टाचा दोन्ही हातांत धरून रडले. मग भजनी मंडळ. मग शेजारीण. बाहेर अंगाची लाही होत होती. प्रत्येक वेळी ऊन हवा, ऊन पाणी, ऊन हात. आणि प्रत्येक वेळी झाकण लागलं की आत पुन्हा बर्फ. टाचेवर मांस नसतं, कातडीखाली लगेच कंडरा.

म्हणजे ज्याला जितकी माणसं, त्याचा दोर तितका सैल. आणि नाना गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ सुदर्शन ऑकलंडला होता. "ताई, मी येईपर्यंत थांबा," म्हणाला आणि आम्ही दोन दिवस थांबलो. त्या दोन दिवसांत अर्धा तालुका येऊन गेला. चाळीस वर्षांत शिकवलेले विद्यार्थी. रांग गल्लीबाहेर गेली होती आणि खिडकी सतत उघडत-मिटत होती.

आमच्या पेढीच्या प्रमुख डॉ. फरीदा मुजावर फार बोलणाऱ्या नाहीत. माझं सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"टाचेची कंडरा बसवलेल्या सगळ्यांना बोलवायचं," त्या म्हणाल्या. "आजपासून. यमुनालासुद्धा. गेल्या तपासणीत तिचा गुडघा किंचित सैल होताच. सरावाचा थकवा असेल म्हणून सोडून दिलं."

"रविवारी तिची चाचणी आहे, मॅडम."

"म्हणूनच रविवारच्या आधी. गादी फाटली तर चाळिशीत पोरीच्या हातात काठी येईल. डॉक्टर फोन करतील तिला. पण तू जाऊन बोललीस तर बरं. तिचं तुझ्या घराशी नातं आहे."

नातं होतं म्हणूनच तर पाय उचलत नव्हता. मी आधी सिन्नरला आईकडे गेले. ती रवा भाजत होती. लाडू यमुनासाठीच.

"खाल्लंस का काही?" तिनं न बघताच विचारलं. "तोंड का असं एवढंसं झालंय?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं, बर्फाच्या सुया, धागे, फटी हे सगळं समजावताना वेळ जाईल. वेळ लागलाच नाही. आईनं गॅस बंद केला आणि उलथनं हातात धरून उभी राहिली.

"पायाकडच्या त्या झाकणानं झालं म्हणतेस?"

"हो."

"कुणाच्या हातानं?"

"कुणा एकाच्या कसं म्हणणार, आई? शेकडो माणसं आली होती."

"माणसं येऊन जात होती. मी तर तिथंच बसले होते." तिचा आवाज खाली गेला. "पाय गार पडले होते गं त्यांचे. रोज संध्याकाळी तेल लावून द्यायची मी टाचांना. त्या दोन दिवसांतही लावलं, कोमट करून. जरा ऊब आली की झाकण लावायची. परत बघावं तर परत गार."

"तेवढ्यानं काही होत नाही," मी म्हटलं.

"हेमे, खोटं बोलणं तुला लहानपणापासून जमत नाही."

मला रडू आलं. कामाचा, डोक्याचा, त्या साखरेच्या शोधाचा, सगळ्याचा राग आला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचे पाय गार लागले आणि तिनं ते चोळले. यात चूक कुठली शोधायची? आणि तरी ते धागे तिच्याच हाताखाली सुटत गेले होते. आईनं भाजलेला रवा तसाच झाकून ठेवला आणि पदर खोचला.

"यमुनाला फोनवर सांगू नको," ती म्हणाली. "चल, मी येते."

वसतिगृहाच्या मैदानावर सराव चालला होता. यमुना पाठलाग करत होती. तिनं खांब मारला, वळली, आणि त्या वळण्यात मला दिसलं. पाय टेकला तेव्हा गुडघा निमिषभर पुढे सरकला आणि जागेवर आला. इतर कुणाला दिसलं नसतं. तिनं आम्हाला पाहिलं आणि हसत येता येता हसू मावळलं.

"डॉक्टरांचा फोन येतोय सकाळपासून," ती म्हणाली. "मी उचललाच नाही, ताई. मला माहितीय काय सांगणार ते."

"तुला कळत होतं?"

"दिवाळीपासून सरकतोय. पट्टी आवळून बांधते. रविवार निघून जाऊ द्या, मग म्हणाल ते करते."

"रविवारीच गेला तर? आत्ता दुसरी कंडरा बसवता येईल. गादी फाटली तर पळणं विसर, जिना चढणंही जड जाईल."

"दुसरी म्हणजे?" तिनं माझ्याकडे बघितलं. "सरांना काढून टाकणार?"

ताणाची सगळी गणितं मला येतात, याचं येत नव्हतं.

"मला दुसरी नको," यमुना म्हणाली. "आमच्या पाड्यावर कुणी विचारत नव्हतं मला. सर चालत आले होते घरी. आईबापाशी भांडून घेऊन आले. आता त्यांची एवढीच वस्तू आहे माझ्याकडे, ती पण काढून कचऱ्यात टाकू? खेळून मोडू दे त्यापेक्षा."

आई चालत मैदानाच्या मधल्या पट्टीवर गेली, जिथे पाठलाग करणाऱ्या पोरी ओळीनं बसतात, आणि नऊवारी सावरून तिथल्या एका चौकोनात बसली. गुडघे धरून, कष्टानं. पोरी बघतच राहिल्या.

"इकडं ये," तिनं यमुनाला हाक मारली. "तुझे सर मला चाळीस वर्षं जेवताना हा खेळ शिकवत होते. आमटी गार व्हायची, पण यांचं संपायचं नाही. तरी एक विसरले बघ मी. पाठीवर थाप मारून खो दिला, की देणाऱ्यानं काय करायचं असतं?"

यमुना गुडघ्यावरची पट्टी चाचपत राहिली.

"सांग की. नियम सांग."

"बसायचं असतं, काकू."

"आणि बसलाच नाही, पळतच राहिला तर?"

"फाउल."

"मग?" आईचा आवाज फाटला. "त्यांनी दिला तुला खो. उठवलं तुला. आता त्यांना बसू दे, बाई. दमलेत ते. मीच दमवलं त्यांना शेवटी."

यमुना तिच्यासमोर मातीत बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यांदा रडली. आई तिच्या गुडघ्यावरून हात फिरवत होती. तो गुडघा होता की नानांचे पाय होते, ते तिचं तिलाच ठाऊक. रविवारची चाचणी यमुनाविना झाली.

गुडघ्यातून काढलेली कंडरा नियमाप्रमाणे माझ्या टेबलावर आली. ती सासूबाईंच्या हवाली करायला हवी होती. मी केली नाही, बरणीतच ठेवली. मुजावर मॅडमनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार ओढून घेत निघून गेल्या. नवी कंडरा बसवलेली यमुना आता भिंतीला धरून चालते. पुन्हा खेळेल की नाही, हे मला विचारू नका. मी मेलेल्या कंडरांची इंजिनिअर आहे.

बाकी गोष्टी नियमानं बदलल्या. टाचेची कंडरा आता देह पेटीत जायच्या आधीच काढायची. नाहीतर घ्यायचीच नाही. म्हणजे मी कधी काळी गावोगाव सांगितलेलं वाक्य आता मलाच उलटं सांगत फिरावं लागतं. लोक ऐकत नाहीत, आणि त्यांचं तरी काय चुकलं? दिंडोरीला एक मुलगा माझ्या अंगावर आला. "बहीण वाटेत आहे. तिला बापाचे पायसुद्धा धरू देणार नाही का तुम्ही?" मी म्हटलं, आत्ता काढू द्या, टाके घालून देतो, मग ती आली की धरू दे. त्याची आजी आतून म्हणाली, "चिरून शिवलेल्या पायांना हात लावायचा, तर फोटो काय वाईट?" दान आलं तसं ओसरलं. रिकाम्या बरण्या फळीवर दिसतात आणि तिकडे गुडघे मोडलेल्या पोरापोरींची रांग वाढत जाते. यात कुणाची बाजू घ्यावी, मला अजून कळलेलं नाही.

सुदर्शनला मी काहीच सांगितलं नव्हतं. टाचेच्या कंडरांचं त्यानं बातमीत वाचलं आणि फोन केला.

"ताई, मी थांबा म्हटलं म्हणून हे झालं ना?"

खरं सांगायचं तर ते दोन दिवस मी त्याच्यावर मनातून धुमसत होते. आठ वर्षांत दोनदा आलेला माणूस, आणि त्याच्यासाठी बाप बर्फात. पण त्याचा आवाज ऐकून तो राग कुठे गेला कोण जाणे. "नाही रे," म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं हात पुढे केला.

"दे तो फोन इकडं." तिनं तो कानाशी नाही, तोंडासमोर धरला, नेहमीसारखा. "सुदा, ऐक. मी पण देणार आहे. टाचांच्या, मांड्यांच्या, जे काय लागेल ते. माझ्या वेळी कुणासाठी थांबायचं नाही. तुझ्यासाठीपण नाही. पेटी आणायची नाही."

"आई, असं काय बोलतेस?"

"बोलून ठेवते. रडायचं असेल, पाया पडायचं असेल, तर जिवंतपणी ये. नंतर माझे पाय तुझे नाहीत."

आणि तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

सुदर्शन संक्रांतीच्या आधी आला. केस पिकले होते. आईला ते आवडलं नाही, तिनं तसं सांगितलंही. चहा झाला, तिळाची वडी झाली, ऑकलंडच्या थंडीचं बोलून झालं. मग आई पलंगावर पाय सोडून बसली असताना तो उठला आणि काही न बोलता खाली बसला. त्यानं दोन्ही हातांनी तिच्या टाचा धरल्या. भेगाळलेल्या, तेलकट, बारीक टाचा. त्याच्या अंगठ्याखाली तिची ती ताठ पट्टी होती, जी मी पुढे कधीतरी कुणाच्या तरी नावानं बरणीत घालणार होते. त्यानं कपाळ टेकलं आणि उचललंच नाही. खांदे हलत होते.

आईनं त्याच्या पिकल्या केसांवर हात ठेवला.

"गार आहेत का रे?" तिनं विचारलं.

"नाही गं," तो तिच्या पायांतच म्हणाला. "ऊन आहेत."